सेठ, ही बाई मी आहे!

दुकानात तीस वर्षं बसलं की माल कमी आणि किस्से जास्त साठतात. माल निदान जुना झाला की मोडीत काढता येतो. किस्से मोडवालाही घेत नाही! मग आला-गेला बाकड्यावर टेकला, चहा आला, की एकेक निघतो.

माझं दुकान भंडाऱ्याच्या बाजारात. रेडिओ, टॉर्चचे सेल आणि ग्रामोफोनच्या रेकॉर्डी. पुढे कॅसेटी आल्या, त्याही ठेवल्या. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी शिकलो ते रेकॉर्डीच्या कव्हरवरून. त्यामुळे 'लव्ह' आणि 'बेबी' हे दोन शब्द मला कधीही झोपेतून उठवून विचारा!

मला या धंद्याचं खरं शिक्षण दिलं ते मेहताभाईंनी. मेहताभाई म्हणजे नागपूरचे आमचे एजंट. खाकी बॅग, पानाने रंगलेले दात, महिन्यातून एक फेरी. विलायती पॉपच्या रेकॉर्डी त्यांनीच पहिल्यांदा आणल्या, चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास.

एकदा त्यांनी काउंटरवर तीन कव्हरं मांडली. एका कव्हरवर साधा स्वेटर घातलेली बाई स्वयंपाकघरात बसलेली. दुसऱ्यावर चमचमत्या कपड्यातली, ओठ लाल. तिसऱ्यावर हातात कागदी पंखा, मागे फुलांचं झाड.

"तिघी कोण?" मी विचारलं.

"एकच आहे, सेठ. गाणीपण तीच. स्वेटरवाली तिच्या गावासाठी. चमकीवाली अमेरिकेसाठी. पंखेवाली जपानसाठी."

"मग खरी कोणती?"

मेहताभाईंनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "जिथं जी खपते ती!"

मी ते वाक्य गाठीला बांधलं. नसतं बांधलं तर बरं झालं असतं, पण ते नंतर.

* * *

नाचाची एक इंग्रजी रेकॉर्ड वर्षभर धूळ खात पडली होती. आमचे भाऊराव पेंटर समोरच बसत. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. त्यांच्याकडून एक पट्टी रंगवून घेतली आणि कव्हरवर चिकटवली: 'वरात स्पेशल'.

चौथ्या दिवशी अड्याळचा धोंडू लाऊडस्पीकरवाला ती घेऊन गेला. पहिल्याच लग्नात वाजवली. पोरं बेभान नाचली. पण नवरदेवाचा आजा काठी टेकत धोंडूजवळ आला.

"गानं चांगलं हाय जी. पन यात नवरदेवाचं नाव काहून नाही?"

धोंडू माझंच गिऱ्हाईक! म्हणतो कसा, "बाबाजी, विलायतेत नवरदेवाचं नाव हळूच घेतात. कान देऊन ऐका."

म्हातारा अख्खी वरात कर्ण्याला कान लावून चालला. आणि मांडवाशी आल्यावर सगळ्यांना सांगू लागला, "घेतलं, घेतलं! दोनदा घेतलं!"

* * *

जवाहरनगरचं गिऱ्हाईक वेगळं. फॅक्टरीच्या क्वार्टरांत साऱ्या देशाची माणसं. रविवारी बस आली की बंगाली, मल्याळी, पंजाबी एकाच पायरीवरून उतरायचे. घर सोडून आलेली माणसं. प्रत्येकजण काहीतरी शोधत असायचा, आणि ते माझ्याकडे नसायचं.

मग मी काय करायचो? एकच विलायती बाई तिघांना तीन तऱ्हेने विकायचो! बंगाली बाबूंना सांगितलं, "यातले शब्द म्हणजे कविता." सरदारजींना सांगितलं, "ढोल ऐकून बघा, पाय आपोआप उचलतात." मल्याळी साहेबांना म्हटलं, "फार सभ्य आवाज. चर्चमध्येही चालेल."

पुढच्या रविवारी तिघं एकदमच दुकानात! बसमध्ये गप्पा निघाल्या होत्या. मी काउंटरखाली काहीतरी शोधू लागलो.

सरदारजी म्हणाले, "ओ सेठ, आमच्या तिघांच्या घरी एकच बाई?"

आणि बंगाली बाबू शांतपणे म्हणाले, "असू दे. पण तिघांच्या घरी ती वेगळी वागते."

बाई कुणीच परत केली नाही.

* * *

एकोडीची एक बाई होती. धानकरी घरातली, टॉर्चचे सेल न्यायला आलेली. तेव्हा मी त्याच स्वेटरवालीचं एक संथ गाणं लावलं होतं. बाई पैसे हातात धरून तशीच उभी.

"हे बाई कोन्या गावची हाय जी?"

"विलायतेची."

"काय बोलून राहिली?"

"मले नाही समजत, बाई."

तिने गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि ठामपणे म्हणाली, "सासरी हाय."

पुढे भंडाऱ्याला आली की ती दुकानाच्या पायरीशी उभी राहायची. मागायची काहीच नाही. मी न बोलता ते गाणं लावायचो. सासर तिचं एकोडी, माहेर कुठलं ते मी कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. एकदा ती आली तेव्हा रेकॉर्ड विकून गेलेली. नवी मागवली तर मेहताभाई म्हणाले, आता येत नाही.

"गेली का थे?" तिने विचारलं.

"गेली, बाई."

"माहेरी गेली असंल," ती म्हणाली आणि पदर सावरून निघाली. चेहऱ्यावर असं समाधान की जणू गाडीत तिनेच बसवून दिली!

* * *

आता माझ्या चुकीचा किस्सा. मेहताभाईंनी एकदा जुन्या स्टॉकमधून आठ रेकॉर्डी माझ्या गळ्यात मारल्या. इंग्रजी गाणी, कव्हरवर नुसती गिटार आणि खाली नाव, 'टोनी डी'. माणसाचा पत्ता नाही. कोण घेणार?

माझ्याकडे एक जुनं विदेशी कॅलेंडर होतं. त्यात बारा महिने एकच सोनेरी केसांची बाई, वाऱ्याने केस उडालेले. ती आठ वेळा कापली, गिटारवर चिकटवली आणि भाऊरावांकडून लिहून घेतलं, 'खास विलायती आवाज'. आवाज पुरुषाचा होता. पण विकत घेण्याआधी ऐकतो कोण? एक रेकॉर्ड दर्शनी काचेत लावली.

एका रविवारी डिसोझा साहेब आले. फॅक्टरीत नोकरीला, मूळ गोव्याचे, पंचेचाळिशीचे, दाढी गुळगुळीत, शर्टाची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. इतकी वर्षं इथं राहून मराठी आमच्यासारखीच बोलायचे, घाबरले की मात्र हिंदीवर यायचे. काचेपुढे ते कितीतरी वेळ उभे राहिले. मला वाटलं, बाई आवडली साहेबांना!

आत आले. चेहरा पांढरा पडलेला.

"सेठ," ते म्हणाले, "ये औरत मैं हूँ!"

भाऊरावांच्या हातातला ब्रश डब्यात पडला.

* * *

गोष्ट अशी होती. नोकरी लागण्याआधी डिसोझा साहेब कलकत्त्याला हॉटेलात गायचे. टोनी डी म्हणजे तेच. एक रेकॉर्ड काढली. कंपनी म्हणाली, आपल्या लोकांना विलायती गाणारा पाहिजे, तुझा सावळा चेहरा कशाला? म्हणून गिटार छापली. पण तीच गाणी एका जर्मन कंपनीने घेतली आणि तिकडच्या कव्हरसाठी माणसाचा फोटो मागितला! स्टुडिओच्या गच्चीवर साहेबांचे फोटो काढले, पार्सल जर्मनीला गेलं. त्यानंतर ना पत्र, ना रेकॉर्ड. पुढे वडील वारले, साहेब नोकरीला लागले, गिटार गोव्यालाच राहिली.

"आईला सांगून ठेवलं होतं, जर्मनीच्या रेकॉर्डवर माझा फोटो आहे," साहेब म्हणाले. "तिनं त्याच दिवशी भिंतीला खिळा ठोकला. फोटो लावायला. दर मे महिन्यात घरी जातो. दारातच विचारते, 'बाबूश, हाडलें?' आणलं का? घरी मला बाबूश म्हणतात."

"अजून खिळा आहे?"

"दर नाताळात भिंत रंगवतात. खिळ्याला हात लावू देत नाही."

त्या दिवशी मी सोनेरी बाई पाण्याने भिजवून काढली. सगळ्या शिल्लक कव्हरांवरची. डिंक चांगला होता, गिटारही अर्धी निघून आली. साहेबांना म्हटलं, "तुमचं जर्मन कव्हर मी आणून देणार. माझा शब्द."

शब्द देणं सोपं. मेहताभाई नागपुरात विचारत, मुंबईला पत्र टाकत. एकदा मोठ्या उत्साहाने आले, बॅगेतून कव्हर काढलं, तर भलताच टोनी, टकला! दर रविवारी साहेब बसमधून उतरून पायरीपर्यंत येत, माझ्याकडे बघत, मी नकाराची मान हलवी, ते सेल घेऊन जात. साहेबांच्या घरी टॉर्च एकच होता. इतके सेल कशाला लागत, मी कधी विचारलं नाही.

अशी सहा वर्षं गेली. रेकॉर्डी संपल्या, कॅसेटी आल्या. माझ्या काउंटरवर साऱ्या जगाच्या बायका चमकी लावून ओळीने उभ्या. साहेबांच्या आईला मोतीबिंदू झाला. तरी मे महिन्यात प्रश्न तोच.

* * *

आणि मग फॅक्टरीतले एक इंजिनिअर मशीन बघायला जर्मनीला गेले. साहेबांनी त्यांना नाव लिहून दिलं, मी देवाला नारळ बोललो. इंजिनिअर परत आले ते एक चौकोनी पुडकं घेऊन. तिथल्या जुन्या मालाच्या दुकानात सापडलं म्हणाले. साहेबांनी ते घरी उघडलं नाही. रविवारी माझ्या दुकानात घेऊन आले. केस ओले करून विंचरलेले, अंगात कोट. एप्रिलात कोट!

"तुम्हीच उघडा, सेठ."

मी दोरी सोडली. आत पगडी घातलेला एक बुवा. वाघाच्या कातड्यावर मांडी घातलेली, काळीभोर दाढी छातीपर्यंत, कपाळाला गंध, मागे हत्ती. खाली बारीक अक्षरात साहेबांचं नाव, तेही 'स्वामी' लावून.

भाऊराव वाकून बघत म्हणाले, "साहेब, तुम्ही कुठं आहात यात? हत्तीमागं?"

कुणी हसलं नाही.

मी रेकॉर्ड लावली. आवाज मात्र साहेबांचाच. तरुण, मोकळा, कुठेतरी जायला निघालेल्या माणसाचा. साहेब बाकड्यावर बसून दोन्ही बाजू ऐकत राहिले. मला माझी सोनेरी बाई आठवली, आणि मी साहेबांकडे न बघता सुटे मोजत बसलो.

"साहेब," मी शेवटी म्हटलं, "आईकडे नका नेऊ हे."

साहेबांनी कव्हर बाहीने पुसलं, कागदात गुंडाळलं, दोरीला गाठ मारली.

"खिळा वाट पाहून राहिला, सेठ."

मे महिना कसा गेला, मलाच ठाऊक. जूनच्या पहिल्या रविवारी फॅक्टरीची बस आली आणि साहेब उतरले. हात रिकामे. गालांवर दाढीची खुंटं. या माणसाला दाढी न करता मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्टूल पुढे केलं, चहा सांगितला.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"दाखवलं?"

"दाखवलं. डोळ्याला लावून बघितलं. मग फोटोवर बोटं फिरवली, पगडीवर, दाढीवर. खिळ्याला स्वतः लावला, मला हात लावू दिला नाही."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, 'बाबूश, कलकत्त्याला किती वाळला होतास रे! पण दाढी किती छान दिसते. काढलीस कशाला?'"

चहा आला. साहेबांनी घोट घेतला, गालावरून उलटा हात फिरवला आणि शर्टाच्या तिसऱ्या बटणावर बोट टेकवून मला विचारलं,

"सेठ, पुढच्या मेपर्यंत इथवर येईल ना?"