रबराची पोटं

हिराओका सेत्सुको तोत्तोरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात बारा वर्षं रबराची पोटं बनवत होती. आतली धमनी मध्येच फुटायची आणि शिकाऊ सर्जनांनी ती वेळेत बंद करायची, हेच तिचं संशोधन. आता तिच्या स्वतःच्याच पोटातली धमनी फुगली होती, आणि ऑपरेशन करणार होता तिचाच विद्यार्थी कुवाहारा. त्याच्या हातून रबराचे एकोणीस रुग्ण दगावले होते. प्रत्येकाची नोंद तिनेच केली होती. स्ट्रेचरवर तिचे दात वाजू लागले.

“थंडी वाजतेय का, बाई?” कुवाहाराने विचारलं.

“थंडी कसली! ते एकोणीस आठवतायत मला.”

“मलाही आठवतात. पण विसाव्यापासून एकही गेला नाही.”

“हात थरथरतायत का तुझे?”

“थोडे. तुम्हीच सांगितलंत ना, थरथरले तर मनगट टेकवायचं.”

तिने त्याची बाही घट्ट धरली. भूल चढेपर्यंत ती सोडली नाही.

दुपारी तिला जाग आली तेव्हा तो शेजारी बसला होता, चेहरा पांढराफटक.

“फुटली होती, बाई. तुमच्या रबरापेक्षा कितीतरी जोरात.”

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग कोरड्या घशाने ती म्हणाली, “किती जोरात? नीट सांग. पोटं बदलावी लागतील.”