बुर्माकान एजेचं तळमजल्यावरचं घर

बुर्माकान एजे रोज सकाळी ओलं फडकं घेऊन तीन जिने उतरायची आणि इमारतीच्या दारासमोरचा बाक पुसायची. सगळा बाक, पाच बायका बसतील एवढा. मग त्याच्या एका टोकाला बसायची. शेवटच्या वर्षात उरलेला बाक तसाच वाळून जायचा.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण; पण एजे, म्हणजे ताई, तिला सगळेच म्हणत. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला. बिश्केकच्या शिवणकारखान्यात तिने एकतीस वर्षं कोटांना अस्तरं लावली. आई गेल्यावर गावाकडचं घर विकून तिने आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या, भाड्याने द्यायला. "म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको," म्हणाली. मी तेव्हा शिकायला म्हणून तिच्याकडे येऊन राहिले होते.

पहिली भाडेकरीण बेगायीम. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. जानेवारीत तिला मुलगी झाली. मुलगी अठरा दिवसांची होती तेव्हा तळमजल्यावरच समोरच्या दारात राहणाऱ्या कानीशायची आई वारली.

अंगणात बर्फ बाजूला सारून जाड लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला. मयत तीन दिवस त्यात. दूरगावाहून येणाऱ्यांना बसवायचं, जेवू घालायचं, निजवायचं ते शेजाऱ्यांनी. त्या तीन दिवसांत कुणी दाराला कडी लावत नाही. तळमजल्यावरचं हे घर तर आधीच्या मालकाने दर वेळी स्वतःहून मोकळं करून दिलं होतं. त्यामुळे कानीशाय विचारायला आली नव्हती. डोक्याला काळा रुमाल बांधून ती किल्ली न्यायला आली होती.

"एजे, दे लवकर. तलासहून बस निघालीय. तीसेक माणसं आहेत."

"अगं, आत बाळंतीण आहे. चाळीस दिवस कुठे झालेत?" एजे दाराला पाठ लावून उभी राहिली. "मयताकडची माणसं बाळापाशी कशी सोडू? माझ्या घरी आण सगळ्यांना. मी वर गाद्या काढते."

"तिसऱ्या मजल्यावर? माझा मामा ब्याऐंशी वर्षांचा आहे. पाठुंगळी घेऊ त्याला?"

मी मध्येच म्हटलं, बेगायीमलाच वर नेऊ. दार किलकिलं करून ती ऐकत होती. तिने बाळाला छातीशी धरलं आणि मान हलवली. जिन्यात रडणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यामधून ती मुलीला नेणार नव्हती. नवराही घरी नव्हता.

"मी नाही म्हणू शकत नाही गं तुला," एजे म्हणाली. "आणि हो कसं म्हणू तेही कळत नाही."

"कळेल कसं? कालपर्यंत शेजारीण होतीस. आता मालकीण झालीस." एवढं बोलून कानीशाय वळली.

तरणीताठी माणसं आमच्याकडे वर आली. म्हातारी माणसं कानीशायच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसली. मामाला मात्र जागा उरली नाही. जिन्याखाली उलट्या खोक्यावर बसून तो मांसाचं पाणी प्यायला. बाहेरचं दार सारखं उघडत होतं, आणि वाडग्यातली वाफ त्याच्या टोपीपर्यंत जाऊन विरत होती. पुढे महिनाभर तो खोकत होता. मेला नाही. पण कानीशायने तो खोकला विसरायचं नाही असं ठरवलं.

हळूहळू बाकावरच्या बायका शेजारच्या इमारतीपुढे बसायला लागल्या. एजे आधी हसायची. "तिकडे ऊन जास्त असेल," म्हणायची. मग एका गुरुवारी तिने बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे फुगीर पाव, तळले आणि ताट भरून कानीशायकडे नेले. पाव परत करत नाहीत, म्हणून कानीशायने ते घेतले. संध्याकाळी ताट आमच्या उंबऱ्यावर होतं. धुतलेलं, पुसलेलं, रिकामं. कणभर साखरही नव्हती त्यात. एजे बराच वेळ ते उलटंसुलटं करत बसली.

"मी मेले की कोण गं दार उघडेल?" तिने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. "तुझे बाबा, काका, गावाकडची सगळी येतील. कुठे बसतील?"

मी काहीतरी बोलले. काय, ते आता आठवत नाही.

एप्रिलमध्ये बेगायीम घर सोडून गेली. तिच्याशीही कुणी बोलत नव्हतं. बाबागाडी पायऱ्यांवरून ती एकटीच उतरवायची. जाताना रडली. "माझ्यामुळे झालं, एजे."

"तुझ्यामुळे कसलं? मूल कुणाला विचारून येतं का?"

त्यानंतर एजेने घर कुणालाच दिलं नाही. भिंतींना चुना दिला, भिंतीशी गाद्यांची चळत रचली, बारा वाडगी आणून ठेवली. इमारतीत कुणाला लागलं तर, म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरचा जाकीप तेवढा तिच्याशी बोलायचा. सुतार माणूस, जीभ रंध्यासारखी.

"एजे, कुणी मरावं म्हणून टपून बसलीयेस की काय? मी सांगून ठेवतो, मला अजून घाई नाही."

"तुला कोण विचारतंय? तुला भेटायला येऊन येऊन येणार दोन माणसं. ती स्वयंपाकघरातसुद्धा मावतील."

ती हसली खरी. पण रोज खाली जाऊन खिडक्या उघडायची, गाद्या उलटवायची. कानीशायच्या आईनंतर इमारतीत कुणीच गेलं नाही. नोव्हेंबरमध्ये एका दुपारी ती जरा आडवी झाली. मी विद्यापीठातून परतले तेव्हा पायांवर शाल तशीच होती आणि हात गार पडले होते.

तंबू उभारला गेला. गावाकडून दोन गाड्या भरून माणसं आली. तळमजल्यावरचं घर पहिल्यांदा उघडलं, तिच्याच पाहुण्यांसाठी. ते भरलं, तरी अकरा जण उरले. मी जिन्यात उभी होते. समोरचं दार उघडलं. कानीशायने माझ्याकडे बघितलं नाही. "म्हाताऱ्यांना आत घ्या," एवढंच म्हणाली. तीन दिवस तिने त्यांना चहा दिला, मांस वाढलं, स्वतः खुर्चीवर झोपली. पण तंबूत ती आली नाही. बाकीच्या बायका एजेचं नाव घेऊन रडत होत्या, तेव्हा ती आतल्या नळाखाली वाडगी धूत होती. माती दिल्यावर मी आभार मानायला गेले. "रीतीसाठी केलं," ती म्हणाली, "तिच्यासाठी नाही." आणि दार लावलं.

एजे गेली त्या सकाळी मी घाईत बूट चढवत होते. टोमॅटोच्या लोणच्याची बरणी तिने पोटाशी धरली होती आणि दोन्ही हातांनी झाकण पिळत होती. शेवटी ती माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे काही हलत नाही बघ. जाता जाता जाकीपकडे दे. म्हणावं, उघडून ठेव, रिकामाच तर बसलायस."