जाऊबाईंची हाक

आमच्या जाऊबाईंचा आवाज म्हणजे आवाज नव्हे, भोंगा. त्या चढाच्या खालच्या वळणावर घोड्यांना हाक मारत आणि वरच्या गल्लीतल्या बायका खिडकीतल्या कुंड्या सावरत. मी त्यांची धाकटी जाऊ. एका छताखाली आयुष्य काढलं, तेव्हा त्यांना नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. दुसऱ्या कुणी ठेवली तर मी ऐकून घेत नाही, ती गोष्ट वेगळी.

आमचं गाव टेकडीवर. गल्ल्या इतक्या अरुंद की ट्रक खालच्या चौकात येतो आणि हात टेकतो. तिथून पुढे कपाटं, पलंग, सिमेंटची पोती, एकदा तर गाणं शिकवणाऱ्या बाईंचा पियानो, सगळं आमच्या घोडागाडीतून वर जातं. गाडीला घोड्यांची जोडी. घोडी फटाकडी, नावाप्रमाणे तडतडी. घोड्याचं नाव निवांत, त्याला खायचीसुद्धा घाई नाही. पुढे लगाम धरून जाऊबाई, आणि मागच्या फळीवर, ब्रेकच्या दांड्यापाशी, माझे मोठे दीर. भाऊजी बोललेच तर घोड्यांशी, तेही पुटपुटल्यासारखं. गाव म्हणायचं, गाडी बाई चालवते, बुवा नुसता बसून असतो. जाऊबाईंनी ते कधी खोडून काढलं नाही. कशाला काढतील?

चढाच्या मध्यावर घोड्यांना दम खाऊ द्यावा लागतो. गाडी ब्रेकवर उभी राहते, घोडे फुरफुरतात, मग जाऊबाईंची हाक होते, "चला रे माझ्या राजांनो," आणि गाडी निघते. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

मग भाऊजींचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, छान झालं. डॉक्टरांनी बजावलं, आता रोज चाला, नाहीतर गुडघा आखडेल तो कायमचा, मग माझ्याकडे येऊ नका. पण भाऊजी चालेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, दमायची आणि निघून जायची. जाऊबाई दारातून "उठा, चाला" म्हणून जितक्या ओरडत, तितकी भाऊजींची चादर वर सरकायची.

"कुणासाठी चालू?" ते मला एकदा म्हणाले. "गाडी हिच्या आवाजावर चालते. मी फळीवरचं ओझं. तेवढं कमी झालं, घोडे खूश असतील."

मला असा राग आला. धडधाकट होऊ शकणारा माणूस असं अंथरूण धरून बसतो म्हणजे काय. "रडगाणं पुरे, सूप प्या," म्हटलं. दुसरं काय बोलणार? रडू तर मलाच येत होतं.

काम थांबवून भागणार नव्हतं, म्हणून फळीवर मी बसले. "ब्रेक सोडायचा, झालं. त्यात काय शास्त्र आहे?" असं जाऊबाईंनीच सांगितलं होतं. गाडीत आरशाचं कपाट होतं. चढाच्या मध्यावर त्यांनी हाक दिली, मी दांडा खाडकन सोडला. गाडी मागे घसरली, फटाकडी उधळायला निघाली, निवांत जागचा हलला नाही आणि कपाट माझ्या अंगावर कललं. जीव मुठीत धरून मी दांडा ओढला. पुन्हा हाक, पुन्हा तोच तमाशा. शेवटी तर हाक ऐकून घोड्यांनी कानही हलवले नाहीत. जाऊबाईंचा घसा बसला. बघे जमले, फुकटचे सल्ले सुरू झाले.

जाऊबाई उतरून मागे आल्या. फळीवर एका जागी रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्यावर त्यांनी हात ठेवला.

"इथं थाप मारायचे ते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्या हाकेला ओ देतात."

"मग?"

त्यांनी डोळे मिटले. तोंडातल्या तोंडात आपली हाक म्हणून पाहिली. मग म्हणाल्या, "थाप आधी यायची गं. मग मी ओरडायचे."

त्यांनी लगाम माझ्या हातात दिला आणि स्वतः फळीवर बसल्या. तिथून बाजूला झुकलं की गाडीखालून दोन्ही घोड्यांचे मागचे पाय दिसतात, पुढे उंचावर बसणाऱ्याला ते दिसत नाहीत. त्यांनी ब्रेक हळूच सैल केला, गाडीचं वजन घोड्यांवर अलगद येऊ दिलं. फटाकडी लगेच पुढे झुकली. जाऊबाई थांबल्या. निवांतनं आळोखेपिळोखे देत एकदाचा पाय रोवला, तेव्हा कुठे त्यांनी फळीवर थाप मारली आणि दांडा पूर्ण सोडला. गाडी निघाली. मी लगाम धरून नुसती महाराणीसारखी बसले होते.

वर पोचून कपाट उतरवलं, तशा जाऊबाई तिथल्या पायरीवर बसल्या. "म्हणजे गाडीला तीन घोडे होते," त्या म्हणाल्या. "तिसरा मी." मला हसू आवरेना. त्याही हसल्या, मग पदरानं डोळे पुसले.

घरी आल्या त्या हातपायही न धुता थेट भाऊजींच्या खोलीत. मी मागोमाग दारापर्यंत.

"अहो, घोडे माझं ऐकत नाहीत."

भाऊजींनी कूस बदलली.

"तुमच्या थापेवर निघतात. घोडेही, मीही. आज कळलं मला."

भाऊजी म्हणाले, "मला वाटायचं, तुला माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तूच कधी काही म्हणाली नाहीस. वाटलं, तुझ्या लेखी त्याची किंमत नसेल."

बोलण्यात आजवर कुणाला हार न गेलेली ही बाई. पलंगाच्या कडेवर बसली. भाऊजींची चादर नीट करायला लागली, ती नीटच होती. मग म्हणाली, "आहे हो. फार आहे."

भाऊजींनी पाय खाली सोडले. "खांदा दे," म्हणाले.

ते उभे राहिले. ऑपरेशनचा पाय थरथरत होता, घाम फुटला होता. मला खात्री होती, आता भोंगा वाजणार, "चला, उचला पाय." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. ओढलंही नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, त्या पायावर भाऊजींचं वजन पुरतं येईपर्यंत. वजन आल्यावर जाऊबाईंनी एक पाऊल टाकलं, अगदी छोटं, आणि भाऊजींनीही टाकलं.