खिट्ट्यांची फळी

नात अडीच वर्षांची झाली आणि सूनबाईंनी फर्मान काढलं, "बाबा, दिवसा टीव्ही अजिबात लावायचा नाही. कार्टून लागलं की ती घास तोंडात धरून बसते." म्हणायला काय जातं! त्या आणि मुलगा सकाळीच कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचे, बायको शाळेत शिकवायला. बिबवेवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर उरायचो मी, खडकीच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला, आणि नात.

सूनबाईंनी ऑफिसातल्या इंटरनेटवरून खेळही शोधून आणले होते. एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत ओतायचा. नातीने तो माझ्या बुटात ओतला. टबात पाणी भरून हातात प्लास्टिकचा मग द्यायचा. तिने मी न वाचलेला पेपर धुतला. सकाळची वंदना आटोपून जरा टेकावं, तर ही समोर हजर. "आबा, आता काय?" या प्रश्नाने माझं डोकं उठायचं. कारखान्यात साहेबसुद्धा इतक्या वेळा विचारत नसत.

शेवटी मी माझं डोकं चालवलं. एका फळीवर जुन्या कड्या, खिट्ट्या, एक बिजागरी ठोकली, कडा पॉलिशपेपरने घासल्या. ती फळी मात्र तिला भयंकर आवडली. तासन्‌तास खाली मान घालून खट्‌खट् चाललेली असायची. मी सगळ्यांना फळी दाखवत सुटलो.

एके दिवशी गॅसवर वरणाचा कुकर ठेवून मी बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेलो. मागे दार लागलं. मग ओळखीचा आवाज आला, खट्. दाराची खालची खिट्टी लागली होती.

दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून पाहिलं, तर बाईसाहेब आत टाळ्या पिटत होत्या.

"बाळा, खिट्टी उघड."

"नाही."

"फळीवरची उघडतेस ना, तश्शीच."

ती पळत गेली, फळी घेऊन आली आणि खिडकीपाशी बसून तिच्यावरची प्रत्येक खिट्टी मला उघडून दाखवू लागली. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

"अहो, वर कोणी आहे का?" मी ओरडलो.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका डोकावल्या. "एवढं ओरडायला काय झालं? आग लागली का?"

"लागेल! कुकर गॅसवर आहे आणि मी बाहेर कोंडलोय."

"कोणी कोंडलं?"

"नातीने."

"त्या चिमुरडीने?" त्या आणखी वाकल्या. "किल्ली?"

"आतच आहे."

"मग माझा काय उपयोग?" असं म्हणाल्या खऱ्या, पण आत गेल्या नाहीत. कठड्याला टेकून बघत राहिल्या.

मी गोड बोललो, दटावलं, चॉकलेट कबूल केलं. काही फरक पडेना. दुसरी शिट्टी झाली. नात स्वयंपाकघराकडे वळून बघायला लागली. ओरडलो असतो तर ती आणखी आत पळाली असती. मी मुकाट्याने फरशीवर बसलो, चिमट्यांची पिशवी घेतली आणि एकेक चिमटा स्वतःच्या शर्टाला, कानाला लावू लागलो. तिच्याकडे बघितलंच नाही. वरून आवाज आला, "एक नाकालाही लावा."

लावला. नात खिडकीला चिकटली. "आबा, मला पण."

मी आणखी एक चिमटा कॉलरला लावला. मग पावलं वाजली, खिट्टी सरकली आणि दार उघडलं. मी कानाला चिमटे तसेच ठेवून धावलो आणि गॅस बंद केला.

संध्याकाळी दाराची खालची खिट्टीच काढून टाकली. सूनबाईंना सगळं सांगितलं. त्यांना आधी घाम फुटला, मग चिमट्यांचं ऐकून हसू आलं. माझं डोकंच फिरलं. "शुक्रवारी तुम्ही रजा घ्या आणि सांभाळा," मी म्हटलं.

त्यांनी खरंच घेतली. दुपारच्या आत त्या डायनिंग टेबलाखाली चादरीत पेशंट होऊन पडल्या होत्या आणि नात चमच्याने त्यांना तपासत होती.

"बाबा, तुम्ही हे रोज करता?" चादरीतून आवाज आला.

मी उत्तर देणार होतो. पण डॉक्टरीणबाईंनी माझा चष्मा मागितला, आणि तो दिल्यावर मला हातातला पेपरही दिसेना.