पाठीवरची बटणं

भिवंडीत लोकरीचं दुकान होतं असं मी कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो. तिथं थंडी कुठं आहे? थंडी नव्हतीच. पौषात पहाटे जरा गार वाटायचं, तेही लूमच्या शेडमधून घामाघूम होऊन बाहेर पडलेल्यांना. गाव सगळं सुताचं. दारात, केसात, चहाच्या कपात कापसाची भुरी. त्यात लोकर कोण घेणार?

पण दुकान चालायचं, कारण मुलं जन्माला यायची. कुणाच्याही घरी बाळ झालं की बाळंतविडा करावा लागे: टोपडं, मोजे, झबलं आणि एखादी छोटी शाल. त्यामुळे दुकानातली लोकरही बाळांच्याच रंगांची. फिकट गुलाबी, आकाशी, पिवळी, पोपटी. गडद रंगांचे थोडे गुंडे सगळ्यात वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत पडून असत आणि त्यांना कुणी हात लावत नसे.

दुकान म्हणजे एका शाळामास्तरांच्या घराची पुढची खोली. मास्तरांच्या पत्नी ते चालवायच्या. त्यांना लहानथोर सगळे काकूच म्हणत. काउंटरसमोर एक लांब बाकडं होतं. विणकाम अडलं की यायचं, बाकड्यावर बसायचं, काकूंना किंवा शेजारी बसली असेल तिला विचारायचं. लोकर घ्यायलाच हवी असं नव्हतं. उरलेला गुंडा काकू परत घ्यायच्या. एखादीचं काम सुरू असेपर्यंत त्याच लॉटची लोकर तिच्यासाठी बाजूला ठेवायच्या, कारण पुढचा लॉट आला की आकाशी तोच राहत नाही. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात, उन्हात नेले की फरक कळतो.

माझी आई खारबावच्या बाजूची, खाडीकाठच्या गावातली. तिचे वडील जाळी विणायचे आणि तीही लहानपणी त्यांच्याजवळ बसून विणायची. त्यामुळे क्रोशाची सुई तिच्या हातात पटकन बसली आणि पुढे दोन सुयांचं विणकामही. मात्र हात सैल राहिला. विणकामात प्रत्येकीचा हात वेगळा असतो, एकीचा घट्ट, एकीचा सैल, आणि तो बदलता येत नाही. आईने पहिलं झबलं विणून नेलं तेव्हा काकूंनी ते ट्यूबलाइटकडे धरलं.

"अगं, यातून बोंबील निसटतील."

"निसटू दे. मोठी मासली ऱ्हाईल," आई म्हणाली.

बाकड्यावर एक खाला बसायच्या. मागच्या गल्लीत राहायच्या, नमाजाच्या जाळीदार टोप्या क्रोशावर करायच्या. त्यांचा हात इतका घट्ट की टोपी उलटी करून पाणी भरलं तरी गळणार नाही, असं काकू म्हणत. खालांनी आईचं झबलं हातात घेतलं आणि उसासा टाकला.

"भाभी, बच्चे को पहनाने का है कि पकड़ने का?"

आई सगळ्यांत जास्त हसली. मला वाटतं, तिला घराबाहेर बसायला मिळालेली ती पहिली जागा.

मी कॉलेजात जाऊ लागले तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे नव्वद सालाच्या अलीकडची-पलीकडची. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणीच नव्हतं. बाबा लूमवर जॉबर होते, माग दुरुस्त करणारे. बिघडलेला लूम आवाजावरून ओळखायचे, पण कॉलेजचा फॉर्म भरताना माझ्या मागे नुसते उभे राहिले होते. मी वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची. दिवसभरात माझं तेवढंच बोलणं. इतर मुली वाईट नव्हत्या. त्यांचे वडील शिक्षक नाहीतर कचेरीत, त्यांचं बोलणं भरभर, आणि मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा.

दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्राची सहल निघाली, डेहराडून आणि मसुरीला. दिवाळीनंतर लगेच. तिथल्या झाडांचा अहवाल लिहायचा होता आणि त्याला गुण होते. पण खरं सांगायचं तर मला गुणांसाठी जायचं नव्हतं. देवदार आम्ही पुस्तकात शिकत होतो, त्याची आकृती मी कितीदा काढली होती, आणि ते झाड मला बघायचं होतं. एवढं साधं वाक्य घरी बोलायला मला आठवडा लागला.

बाबांनी ऐकून घेतलं. मला लहानपणी छातीचा मोठा आजार होऊन गेला होता. तेव्हा बाबा मला खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळाले होते आणि ते पळणं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

"तिकडं बरफ परतो," ते म्हणाले. "हिच्या अंगात घालायला काय हाय?"

घरात स्वेटर नव्हता. शेजारी कुणाकडेही नव्हता. स्वेटर विकणारे यायचे ते थेट डिसेंबरात, सहल होऊन गेल्यावर.

"मी करीन," आई म्हणाली.

"कर. झाला तर जाऊ दे. न्हाय झाला तर न्हाय."

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन दुकानात गेली. काकूंनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची पिशवी काढली, फुंकर मारली, गुंडे मोजले. गडद निळी लोकर होती, पण एका लॉटची माझ्या अंगाला पुरेल एवढी नव्हती. मरूनही तशीच. पुरेशी होती ती फक्त आकाशी.

"मग आकाशी," काकू म्हणाल्या. "देवळात का जायचंय रंग बघून घ्यायला? डोंगरात जायचंय."

अडचण दुसरीच होती, पण ती तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. त्या बाकड्यावर बसणाऱ्या कुणीच मोठ्या माणसाचा स्वेटर कधी विणला नव्हता. लागलाच नव्हता कुणाला. काकूंनी थोडा विचार केला.

"मोठ्या माणसाचं म्हणजे तरी काय? झबलंच. टाके वाढवायचे."

"छाती झाकलेली हवी," आई म्हणाली. "तिच्या बाबांचं तेच म्हनना हाय. छातीला वारा लागायला नको."

"मग पाठीला उघडं ठेवू. छातीला एक भोक नाही राहणार."

बाळाच्या झबल्याला पाठीवरच बटणं असतात. छाती बंद राहते आणि बाळाला पालथं घातलं की पटकन लावता येतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मी जन्मात स्वेटर घातला नव्हता, तो कुठून उघडतो हे मला कुठं माहीत होतं?

आईने पुढचा भाग धरला. पण सैल हाताचीही सुई एवढ्या रुंदीला हळूच चालते. दिवाळी जवळ येऊ लागली तसा पाठीचा भाग काकूंनी घेतला आणि बाह्या बाकड्यावर जिला वेळ असेल तिच्याकडे जाऊ लागल्या. चकल्या करून हात धुऊन कुणी चार ओळी विणून जाई. मी पुस्तक घेऊन बसायची आणि मधूनमधून उभी राहायची, मग कुणीतरी पट्टी घेऊन माझी पाठ मोजायचं. आई पुटपुटत असायची, दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट. तिला वाचता येत नव्हतं, नमुने सगळे असे तोंडात. मी देवदाराचं लॅटिन नाव पाठ करत असायची तेही तसंच पुटपुटत, आणि खाला म्हणायच्या, "माँ-बेटी दोनों वजीफा पढ़ रही हैं." वजीफा म्हणजे त्यांचा जप.

स्वेटर झाला. पुढचा भाग सैल, मागचा बेताचा, एक बाही जरा लांब. गळ्याची किनार आणि बटणांची काजं खालांनी क्रोशाने केली, दगडासारखी घट्ट. काकूंकडे बटणं बाळांचीच, तेव्हा पाठीवर ओळीने पिवळी बदकं बसली. आईने तो माझ्या अंगात घातला, मागून बटणं लावली आणि मला बाकड्यासमोर फिरवलं. सगळ्या खूश होत्या. मला उबेने घाम फुटला होता.

तेवढ्यात बाबा आले. ते त्या दुकानात कधीच आले नव्हते. शिफ्टला निघाले होते आणि पायरीवरच थांबले, बायकांच्या जागेत आत कसं यायचं म्हणून. आईने स्वेटर काढून त्यांच्या हातात दिला.

बाबांनी तो ताग्यासारखा धरला. उजेडाकडे केला, ताणला, उलटा केला, बोटाने चाचपला.

"यात ताणा कंचा नि बाणा कंचा?"

"ताणा-बाणा न्हाय यात," आई म्हणाली. "येकच धागा."

"सगळ्याला येकच?"

"एका भागाला येकच. वढला तर सगला उसवल."

बाबांना ते पटत नव्हतं. आयुष्यभर हजारो उभ्या धाग्यांत तुटलेला एक शोधून सांधणारा माणूस तो. मग पाठीची बदकं त्यांना दिसली. एकेका बदकावर अंगठा ठेवत ते वरून खाली आले.

"तिथं ही लावनार कोन?"

काकूंनी आईकडे पाहिलं, आईने खालांकडे. खालांनी हळूच डोक्यावरचा पदर सारखा केला. इतके दिवस इतक्या हातांतून तो स्वेटर फिरला आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं. बाळाची बटणं दुसऱ्यानेच लावायची असतात.

"काढते," काकू म्हणाल्या. "पुढून करते. दोन दिवस..."

दोन दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

"मी सांगेन कुणाला तरी," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांना माझी काळजी वाटत होती आणि मी कशी आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"तू? तू सांगशील?"

"सांगेन."

"मंग सांग. आता."

मी आईकडे वळले.

"आईला न्हाय. आईला कोन पन सांगल."

खालांकडे बघितलं तर त्या आधीच उठायला लागल्या होत्या. बाबांनी हाताने त्यांना बसा म्हटलं. तेव्हा काउंटरपाशी एक बाई उभ्या होत्या, कानात मोत्यांच्या कुड्या, हातात पोपटी गुंडा. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून सहज आलेल्या असाव्यात. मी पुढून बाह्यांत हात घालून स्वेटर चढवला. पाठ उघडी, खालचा ब्लाउज दिसत असणार. माझ्या कानांत लूमचा आवाज आला, म्हणजे तो रोजच यायचा, पण तेव्हा मला फक्त तोच ऐकू येत होता.

"अहो," मी म्हणाले. आवाज फुटला नाही. परत म्हणाले, "अहो, माझी बटणं लावाल का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बदकांकडे.

"एवढंच ना? वळ," त्या म्हणाल्या, आणि गुंडा काखेत धरून लावू लागल्या. "काजं कुणी केलीत गं? नखं तुटतील."

"मैंने," खाला म्हणाल्या. "खुलेगा नहीं."

बाकडं हसलं. शेवटचं बदक लागल्यावर बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला," आणि पायरी उतरून शिफ्टला गेले.

मसुरीत पहिल्या सकाळी आम्ही धर्मशाळेसारख्या एका मोठ्या खोलीत उठलो. बोटं सरळ होत नव्हती. मुली घाईघाईने आवरत होत्या, बाहेर सर हाका मारत होते. मी स्वेटर घालून भिंतीला पाठ लावून उभी होते. पाठीला भिंतीचा गारठा लागत होता आणि मला वाटलं, नाहीच लावली बटणं तर? वरून शाल घेईन. पण बाबांना सांगेन म्हटलं होतं.

माझ्या पुढच्या बाकावर बसणारी एक मुलगी वेणी घालत होती. वडील कचेरीत, ती फार बोलणारी. मी तिच्याजवळ गेले.

"माझी बटणं लावशील?"

तिने मला वळवलं आणि ओरडली, "अगं, बदकं! हा तर बाळंतविडा आहे!"

मला रडू येईल असं वाटलं, पण हसूच आलं. खरंच होता तो बाळंतविडा. मी तिला सांगू लागले, काकूंचं, बाकड्याचं, बोंबलांचं, आणि ती खालांच्या काजांशी झटत ऐकत राहिली. सगळी बदकं लागेपर्यंत मी बोलत होते. वर्गात दीड वर्षात बोलले नसेन एवढं. त्यानंतर रोज सकाळी तीच मला हाक मारायची, "चला बाळ, पालथं पडा." देवदार पाहिला तेव्हा ती शेजारी होती. तो आकृतीसारखा मुळीच नव्हता, फार मोठा होता. आम्ही दोघी मान मागे टाकून बघत राहिलो आणि अहवालात काय लिहायचं ते दोघींनाही सुचेना.

घरी आल्यावर बाबांनी सहलीचं काही विचारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "बटनं?"

"लावली."

"रोज?"

"रोज."

त्यांनी भात पुढे ओढला.

स्वेटर पुन्हा लागणार नव्हता. भिवंडीत कुठं घालणार? लोकर चांगली होती, आणि बाकड्यावर येणाऱ्या एकीची सून बाळंत व्हायची होती. म्हणून उसवायचं ठरलं. त्या दिवशी मी माझ्या मैत्रिणीला दुकानात घेऊन गेले. काकूंनी तिला बाकड्यावर बसवलं, दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, आणि आईने पाठीच्या भागाचं टोक शोधून ओढलं. लोकर सुटत होती, काजांपाशी अडत होती, खाला कात्री द्यायला तयार नव्हत्या. मैत्रिणीच्या हातांवर आकाशी लडी जाड होत चालली होती.

"हात भरून आले," ती म्हणाली.

"धर गं," काकू म्हणाल्या. "अजून बाह्या आहेत."

मी तिच्यासमोर बसून गुंडा करत होते.