तळ्यातून येणारा संत

आमचा शेफ स्वतःला आचारी मानायचाच नाही, सैनिक मानायचा. तरुणपणी तो इटलीत एका उभयचर पलटणीत होता. म्हणजे जमिनीवरही लढणारी आणि पाण्यातही लढणारी. कुणाशी लढली, असं विचारलं की तो आम्हाला कांदे चिरायला बसवायचा. पंखवाला सिंह हे पलटणीचं चिन्ह, आणि त्या सिंहाला जवळ घेऊन बसलेला पलटणीचा संत. दोघांची तसबीर फ्रायरच्या वर टांगलेली होती. तेलाच्या वाफेने संत पार तपकिरी पडला होता आणि सिंहाचं भजं झालं होतं.

ते दिवस स्टुडंट लोकांच्या लोंढ्याचे. मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर, माझा रूममेट सांगलीचा आर्किटेक्ट, आणि दोघंही मेलबर्नला कशासाठी? तर कुकरी शिकायला! कारण पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, द्यायला सरकारला आचारी हवे होते. आमचं कॉलेज म्हणजे मोबाईलच्या दुकानावरचा मजला. तिथे शेगडी सोडून सगळं होतं. पीआरचा अर्ज करायचा तर खऱ्या किचनमध्ये नऊशे तास काम केल्याचं पत्र लागायचं आणि त्यावर शेफची सही. आमचे तास कधीच भरले होते. व्हिसा संपत आला होता. सही नाही मिळाली तर बॅगा भरा आणि घरी जा, इतकं सरळ होतं ते.

शेफ मात्र निवांत. "संताचा सण होऊ दे, मग सही. आमच्या पलटणीत आधी सेवा, मग मान." अरे, डोंबलाची सेवा! फुकटात तुझी भांडी घासतोय, ती कोणत्या पलटणीत मोजतोस? पण हे मी मराठीत म्हणायचो. इंग्रजीत फक्त "यस शेफ".

पलटणीची रीत अशी की सणाला संत पाण्यातून येतो. सैनिक त्याला बोटीतून आणतात, किनाऱ्याजवळ पाण्यात उतरतात आणि डोक्यावर धरून जमिनीवर आणतात. काठावरचे लोक त्याच्या नावाने गर्जना करतात. तिकडे त्यांच्या खाडीत हे शोभत असेल. मेलबर्नच्या टोकाला, आमच्या क्रेगीबर्नमध्ये खाडी कुठली? नव्या इस्टेटीत बिल्डरने घरं खपावीत म्हणून खणलेलं एक तळं होतं. त्यात चार बदकं आणि एक शॉपिंग ट्रॉली. त्यात सण पडतो नेमका इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला. सगळं शहर पहाटे उठून आपापल्या शहिदांना मान देऊन आलेलं, आणि आमचे हे, शेफ धरून, पलटणीचे पाच म्हातारे वीर दुपारी बेरे टोप्या घालून, छातीवर बिल्ले लावून बदकांसमोर सावधान उभे.

गुडघे पाचांचेही गेलेले. मग पाण्यात कोण? आम्हीच! "हा मान आहे, बॉइज," शेफ म्हणाला. कुणाच्या तरी नातवाची रबरी होडी आणली होती. त्यात मी, रूममेट आणि प्लास्टरचा संत, सिंहासकट. आम्ही तळ्याच्या मध्यापर्यंत वल्हवत गेलो, वळून परत आलो आणि काठाजवळ पाण्यात उतरलो. एप्रिलची थंडी, पाणी कमरेपर्यंत, दात वाजताहेत. संत डोक्यावर घेतला. काठावरून गर्जना झाली, टेपवर बँड सुरू झाला.

आणि घोटाळा झाला. आता तुम्हीच सांगा, कमरेएवढ्या पाण्यात उभे आहात, डोक्यावर मूर्ती आहे, काठावर गजर चाललाय, बँड वाजतोय. मराठी माणसाचे हात काय करतील? रूममेट ओरडला, "मोरयाऽऽ!" आम्ही संताला एकदा बुडवलं, दोनदा बुडवलं, आणि तिसऱ्यांदा अगदी रीतसर सोडून दिलं.

बँड वाजतच होता. एका म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला. च्यायला, हा संत यायचा होता, जायचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. सही गेली, पीआर गेला, आता आईला काय सांगू, हेच डोक्यात.

रूममेट पायाने तळ चाचपायला लागला. शेफ काठावर बूट कोरडे ठेवून नाचत होता. "गाढवांनो! रानटी लोकांनो! सही विसरा! दोघांचीही!"

माझं टाळकंच सरकलं. गेलीच आहे सही, तर बोलून तरी घेऊ. मी या वेळी इंग्रजीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "उभयचर तुम्ही ना, मेट? मग या ना पाण्यात!"

चारही म्हातारे शेफकडे बघायला लागले. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्याने टोपी सारखी केली आणि बुटांसकट, बिल्ल्यांसकट तो पाण्यात शिरला. काठावरच्या चौघांनी सॅल्यूट ठोकला. तो माझ्यापर्यंत आला, आणखी एक पाऊल टाकलं आणि तिथे उतार होता. पाय निसटला तसा त्याने दोन्ही हातांनी माझी मान धरली. मीही त्याच्या पट्ट्याला धरलं. तोंड माझ्या कानाशी.

"सोडू नकोस," तो कुजबुजला. "मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी पलटणीतही स्वयंपाकच करायचो. त्यांना कळू देऊ नकोस."

काठावरून लांबून आम्ही गळाभेट घेतोय असंच दिसत असणार, कारण म्हाताऱ्यांनी टाळ्या सुरू केल्या. तेवढ्यात रूममेटने चिखलातून संत वर काढला. नाक गेलं होतं, सिंहाचा एक पंख गेला होता. काठावर पुन्हा गर्जना झाली. शेफ थरथरत होता. मला त्याची दया आली, खरंच आली. पण व्हिसा दयेवर मिळत नाही.

"सही?" मी विचारलं.

"उद्या. उद्या सकाळी, नक्की."

"आज," मी म्हटलं, "दोघांचीही," आणि पट्ट्यावरची पकड जराशी सैल केली.