तिसऱ्या संक्रांतीचं बोलावणं

मालकानं माझा उजवा हात रुळानं वर उचलला. स्वतःच्या हातानं नाही, टेबलावरच्या लाकडी रुळानं. समोर गांधीबागेतले दोन व्यापारी चहा पीत होते. त्यांना म्हणाला, "दोनच बोटं राहिली हिची, पण तोंड पुरं आहे." ते हसले. मीही हसले. तेव्हा हसलेल्या त्या माझ्यातल्या बयेला आज चिमटा काढावासा वाटतो मला.

मग माझ्याकडे वळला. "भरपाईच्या अर्जाची मुदत दोन वर्षांची असते बाई. गेल्याच आठवड्यात संपली. आता कुठंही जा."

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. बोटं गेली ती संक्रांतीच्या आठवडाभर आधी. यंत्रमागाच्या चाकावरचं झाकण तुटलेलं होतं, आम्ही बायांनी तीनदा सांगितलेलं. भरपाईचं विचारलं तर मालक म्हणाला, पाहू. आणि संक्रांतीला मालकीणबाईचं बोलावणं आलं. आम्हा विणकर बायांना बंगल्यावरचं हळदीकुंकू! पट्टी बांधलेल्या हातानं मी पदर धरला, तिनं ओटी भरली. म्हणाली, "तू तं घरचीच आहेस वं. घरातली गोष्ट कोणी कचेरीत नेते का?"

शेजारची यमुना अर्ज कर, अर्ज कर म्हणे. मी तिलाच झापलं. जिनं ओटी भरली तिच्या नवऱ्यावर अर्ज? आमच्यात असं करत नाहीत. काय तो तोरा! पुढच्या संक्रांतीला पुन्हा ओटी, पुन्हा 'जरा थांब'. दोन्ही खण मी पेटीत जपले.

तिसऱ्या संक्रांतीला बोलावणं आलं नाही. विसरले असतील, म्हणून मी शहाणी आपणच गेले, अंबाड्यात शेवंती खोचून. मालकीणबाईनं दारातूनच ऑफिसात धाडलं. तिथं तो रूळ.

परतताना रडू आलं नाही. नुसती थकले होते. मी सण मोजत होते, ते दिवस मोजत होते.

दुसऱ्या दिवशी यमुनेला घेऊन कामगारांच्या सरकारी कचेरीत गेले. बाबूनं मान वर न करता विचारलं, "उशीर काहून झाला?"

"मालकीणबाईनं दोनदा ओटी भरली."

त्याचं पेन थांबलं. "असं कसं लिहू बाई?"

"असंच लिहा." दोन्ही खण टेबलावर ठेवले. उरलेल्या दोन बोटांत पेन धरून सही केली.

अर्ज नामंजूर झाला. ओटी हे उशिराचं सबळ कारण नाही म्हणे.

तेव्हापासून आमच्या गल्लीत मागावर कोणाचं बोट चेंगरलं की मी त्याच आठवड्यात तिला कचेरीत नेते. गुडघे दुखतात, तरी नेते. एखादी कुरकुरते, मालकीण काय म्हणेल? मी तिच्यासमोर हा हात धरते.

"ओटी मंग घे वं. आधी अर्ज दे."